जानेफळचा एकच उमेदवार

जानेफळचा पिनकोड टाकला की एकच माणूस येतो. कालपासून येतोय. लोणार टाकलं की चौतीस येतात, धाड टाकलं की सत्तावीस, मेहकर टाकलं की शंभराच्या वर, आणि आमचं जानेफळ टाकलं की एक. बरं, त्या एकाच्या नावावर अर्ज किती, तर एकेचाळीस. लॅब टेक्निशियन, वाहनचालक, नर्स, वॉर्डबॉय, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक, सगळं एकट्यानंच व्हायला निघालेला. कोण हा अष्टपैलू बाबा, असं मी काल संध्याकाळी स्वतःशीच म्हटलं आणि लॅपटॉप आपटून बंद केला. आज सकाळी उघडला तर बाबा तिथंच बसलेला. क्वेरी म्हणजे विचारायचा प्रश्न, ती बदलून पाहिली, दोन तक्ते जोडणारा जॉइन उलटा लावून पाहिला, तारखांची अट काढली, घातली, परत काढली. एक. पुण्यातल्या एका हॉस्पिटलवाल्या कंपनीचं भरतीचं सॉफ्टवेअर आहे, त्यात दहा वर्षांचे अर्ज पडलेत, आणि ते वाचून कुठल्या गावातून किती माणसं येतात हे दाखवणारं जावास्क्रिप्टचं अॅप आम्ही करतोय. मधे एक ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर म्हणजे मधला माणूस. मी विचारते ते तो तिकडच्या भाषेत नेऊन विचारतो आणि उत्तर आणून देतो. आणतो तेव्हा. एरवी तीस सेकंद घेतो आणि वेळ संपली म्हणून हात वर करतो. दोन दिवस झाले, मी या ड्रायव्हरशी जितकं भांडले तितकं सख्ख्या भावाशी भांडले नसेन. माय खालून विचारते, कोणाशी बोलून राह्यली व तू, आणि मी म्हणते, कोणाशी नाही, आणि ते खरंच असतं.

अकरा वाजता मनालीचा कॉल. मनाली माझी लीड, पुण्याला बसते, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. वाईट नाही ती. पण तिचं ते शांतपणे बोलणं ऐकलं की माझ्या कानशिलात काहीतरी ठणकायला लागतं. "समता, क्वेरी चुकतेय गं तुझी," ती म्हणाली. "एक माणूस एकेचाळीस अर्ज करेल का?" मी म्हटलं, "मी पण तेच म्हणून राह्यले." ती हसली. मी 'राह्यले' म्हटलं की ती हसते, गोड वाटतं म्हणते. चार वर्षं झाली नोकरीला, माझं कोड तिला कधी गोड वाटलं नाही, 'राह्यले' वाटतं. "चार वाजता क्लायंटला दाखवायचंय," ती म्हणाली. "नाहीच निघालं तर सरळ काढून टाक ती ओळ. एका गावानं काय फरक पडतो? आणि हो, सात वर्षांपूर्वीचे सगळे रेकॉर्ड ते आज संध्याकाळी पुसणार आहेत. प्रायव्हसीचा नियम. त्यामुळे जुन्यात फार घुसू नकोस." एका गावानं काय फरक पडतो. त्या गावात बसूनच मी हे ऐकत होते, खिडकीतून सोयाबीनचा भुसा उडून टेबलावर येत होता, मळणीयंत्राची घरघर चालली होती आणि मी म्हटलं, "बरं." बरं म्हणायची मला सवय आहे. राग मागून येतो, माणूस निघून गेल्यावर.

तर त्या मागून आलेल्या रागात मी ते केलं. एरवी आम्ही नाव, ईमेल, फोन हे रकाने मागतच नाही, माणूस ओळखू येऊ नये म्हणून. तशी सही करून दिलेली आहे मी. पण मला तो माणूस पाहायचा होता. गावातलाच असणार, कोण आहे हा शहाणा, धरून विचारते त्याला. रकाने घातले, एंटर मारलं. ड्रायव्हरनं एरवी अर्धं मिनिट घेतलं असतं, या वेळी चटकन उत्तर आणून ठेवलं. नाव, सहदेव गवई. ईमेल, माझा.

माझा म्हणजे माझाच. जुना. नावापुढे जानेफळ लावून काढलेला, वय बावीस असताना, तेव्हा ते फार ऐटीचं वाटलं होतं. पहिल्यांदा मला वाटलं मीच कुठंतरी चाचणीसाठी घातला असेल. त्याच वेळी लाइट गेली, इन्व्हर्टर टीं करून ओरडला, पंखा मंदावला आणि परत फिरायला लागला. एवढ्या वेळात मला सगळं कळलेलं होतं. फक्त ते अजून वाक्यात आलेलं नव्हतं.

बसस्टँडसमोर गफ्फारभाईंचं ऑनलाइन सेंटर होतं. तिथं मी तीन वर्षं फॉर्म भरायची. दहावीचे, शिष्यवृत्तीचे, पोलिस भरतीचे, हॉस्पिटलचे. गफ्फारभाई मोठे मोकळे गृहस्थ, पण त्यांचा एक कायदा होता. फॉर्मातला रकाना खाली ठेवायचा नाही. रकाना खाली राहिला की फॉर्म बाद, असं कुठल्यातरी साहेबानं त्यांना एकदा सांगितलं होतं आणि ते त्यांनी कुराणाइतकं पाळलं. तेव्हा गावात ईमेल कोणाकडं? फोन असायचा तो घरात एक, बापाच्या खिशात. मग ईमेलच्या रकान्यात काय टाकायचं? "तुह्यं टाक ना," गफ्फारभाई म्हणाले. "तू तं इथंच बसते. आलं काही तं सांगशील त्याले." मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. सगळ्या गावाची पत्रं माझ्याकडं यायची. आणि आलं की सांगायचं कसं, तर सेंटरच्या दाराला एक फळा टांगलेला होता. ज्याचं बोलावणं आलं त्याचं नाव मी सकाळी खडूनं लिहायची, जागा, वेळ आणि तारीख. लोक बसची वाट पाहता पाहता वाचायचे. कोणी वाचलं की तो त्याच्या घरी सांगायचा, घरचा माणूस पळत यायचा. फळ्यावर नाव आलं की ते गावात आलंच. चुकत नव्हतं काही. तीन वर्षांत एक बोलावणं चुकलं नाही, असं मी आजपर्यंत लोकांना सांगत आले. पुण्याच्या मुलाखतीतही हेच सांगितलं होतं, लोकांसाठी काम केल्याचा अनुभव म्हणून. त्यांना ते आवडलं होतं.

आणि सॉफ्टवेअर काय करत होतं? सॉफ्टवेअरला एक ईमेल म्हणजे एक माणूस. दुसरा अर्ज त्याच ईमेलवरून आला की त्याला वाटलं, तोच माणूस परत आला, नाव बदलून आला बिचारा, नवं नाव लिहून ठेवू. असं करत करत एकेचाळीस माणसं एकात घातली त्यानं. शेवटी आलेल्याचं नाव वर राहिलं, बाकीची चाळीस त्याच्याखाली नुसते अर्ज होऊन पडली. यात चूक कोणाची म्हणावी? ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्याला एवढंच माहीत की माणसाला एक ईमेल असतो. त्यानं कधी फळा पाहिलेला नसणार. मी असते तर मीही तसंच लिहिलं असतं. मी गेल्या महिन्यात तसंच लिहिलं आहे, दुसऱ्या एका कामात. हे आठवल्यावर मी उठून माठातलं पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

मग मी अर्ज एकेक करून मागवले. प्रत्येकाची तारीख, जागा, पुढं काय झालं ते. हे करायचं कारण नव्हतं. क्लायंटला हवं होतं ते मला मिळालेलं होतं. पण हात थांबेनात. चौदा जून, लॅब टेक्निशियन. पुढचा रकाना, मुलाखतीस निवड, सोळा जून. बोलावणं पाठवलं, सत्तावीस जून. मुलाखत, चार जुलै, सकाळी साडेदहा. त्याच्याखाली एकोणीस जून, वाहनचालक. नाकारला. त्याच दिवशी नाकारला, परवाना अवजड वाहनाचा नाही म्हणून. नावं कुठंच नव्हती, पण फॉर्म मीच भरलेले, मला आठवत होते. चौदा जूनचा अर्ज रुबिनाचा होता. एकोणीस जूनचा सहदेवचा.

रुबिना माझ्या वर्गातली. पहिलीपासून. तिच्या अब्बांचं बाजारगल्लीत बांगड्यांचं दुकान. बारावीनंतर दोन वर्षं रोज मेहकरला एसटीनं जाऊन तिनं लॅबचा डिप्लोमा केला. रक्त काढायचा सराव तिनं माझ्यावर केला, डावा हात, कोपराच्या आत, अजून पाहिलं तर मला तिथं ठिपका असल्यासारखा वाटतो. तिचा हात हलका होता. गावात दहा वर्षांत कोणाला न मिळालेली नोकरी तिला मिळेल असं मला वाटायचं, तिलाही वाटायचं. फॉर्म भरला तेव्हा ती माझ्या खुर्चीला लागून उभी होती. "मेल तुह्याच टाक," ती म्हणाली. "फोन अब्बाजवळ असते. आलं तं पहिले मले सांग, मंग मी घरी बोलीन." तेव्हा तिचा रकाना गफ्फारभाईंच्या कायद्यामुळं नाही, तिच्या स्वतःच्या सांगण्यावरून मी भरला होता. हे मी आता स्वतःला सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

मग ती रोज यायची. दुकानात जाण्याआधी स्टँडवर चक्कर. फळ्यासमोर उभं राहायचं नाही, नुसतं जाता जाता पाहायचं, जणू सहज नजर गेली. आणि सत्तावीस जूनला, नाही, अठ्ठावीसला सकाळी, मेल उघडली तर लिहिलेलं, प्रिय सहदेव गवई, तुमच्या अर्जाच्या संदर्भात आपणास मुलाखतीसाठी. कुठला अर्ज ते लिहिलेलंच नाही. मी फळ्यावर लिहिलं, सहदेव गवई, पुणे, साडेदहा, चार जुलै. लिहिताना रुबिना मागं उभी होती. मला तिचं उभं राहणं पाठीला कळत होतं. तिनं ओळ पूर्ण होईपर्यंत वाचली आणि म्हणाली, "चांगलं झालं बाप्पा त्याचं." आणि दुकानात गेली. मी तिचंच बोलावणं तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावानं फळ्यावर चढवलं. मी. माझ्या हातानं, माझ्या चांगल्या अक्षरात.

सहदेव भावाचा शर्ट घालून पुण्याला गेला आणि तिसऱ्या दिवशी हसत परत आला. "काय झालं बे?" गफ्फारभाईंनी विचारलं. "काय सांगू भाई," सहदेव म्हणाला, "तिघं बसलते. मले म्हणते, ईएसआर कसा काढता सांगा. म्या म्हटलं, साहेब, मी पिकअप चालवतो. मंग ते एकमेकाच्या तोंडाकडे पाहून राह्यले." सेंटरात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं महिनाभर कोणी सहदेवला भेटलं की विचारायचं, काय डॉक्टर, ईएसआर किती. मी हसले. रुबिना पण हसली, तिनं तर त्याला ईएसआर म्हणजे काय ते समजावून सांगितलं, रक्त नळीत उभं ठेवायचं, तासाभरात लाल पेशी किती खाली बसतात ते पाहायचं. आम्ही दोघी तिथं उभ्या होतो, ड्रायव्हरला रक्ताचं का विचारलं हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. मोठ्या शहरातले लोक, काहीही विचारतात, एवढंच. मी आता त्या हसण्यावर अडकले आहे. चूक समजू शकते, ईमेल समजू शकते. पण उत्तर दारात येऊन उभं होतं आणि मी त्याला हसले.

ऑगस्ट गेला, दिवाळी गेली. रुबिना एक दिवस म्हणाली, "नाव पाहून काढलं असन." मी लगेच म्हटलं, "अजून काय?" कारण माझंही तेच होतं. माझं आडनाव ऐकल्यावर लोक अर्धा क्षण थांबतात, तो अर्धा क्षण मला लहानपणापासून पाठ आहे. "तुह्यं आडनाव आन् माह्यं नाव," रुबिना म्हणायची, "आपल्या दोघीचा फॉर्म ते वाचतच नसतीन." आणि आम्ही हसायचो, पण ते वेगळं हसणं. नऊ वर्षं आमची मैत्री त्यावर उभी आहे. गावात भांडणं झाली, निवडणुका आल्या गेल्या, कोणी काय काय बोललं, पण आम्हा दोघींना एकमेकींची खात्री होती, कारण आमचा राग एक होता. मी तरी पुढं शिकत राहिले, मोबाइलवर व्हिडिओ बघून कोड शिकले, तीस ठिकाणी अर्ज केले, एकतिसाव्यानं घेतलं. तिनं मात्र पुन्हा एकही अर्ज केला नाही. एकही नाही. एवढ्या हुशार पोरीनं. अब्बांचे गुडघे गेले तेव्हा ती दुकानात बसली ती बसलीच. आजही बांगड्या भरताना तिचा अंगठा समोरचीच्या मनगटावर शीर चाचपतो. तिला ते कळत नसावं.

तिचा तो राग खोटा नव्हता, हे मला कोणीतरी येऊन सांगावं असं वाटत होतं. कारण मनालीला हे सांगितलं तर ती म्हणेल, बघ, म्हणजे भेदभाव वगैरे काही नव्हतं, डेटाचा प्रॉब्लेम होता. आणि मला तिच्या तोंडावर सांगावंसं वाटेल की आहे, तो आहे, मी त्यात राहते. पण या एका ओळीत तो नव्हता. निवड सोळा जूनची, सहदेवचं नाव वर चढायच्या आधीची. त्या तिघांनी रुबिना शेख हे नाव वाचलं असेल, तिचे मार्क वाचले असतील आणि म्हटलं असेल, बोलवा. त्यांनी बोलावलं होतं. मधे मी होते.

मनालीचा मेसेज आला, "झालं का?" मी लिहिलं, "ईमेल सारखा म्हणून एकेचाळीस माणसं एकात गेली आहेत." तिनं लिहिलं, "ओह. मग आपला बग नाही. ग्रेट. ओळ काढून टाक." मी काढली. क्वेरीत एक अट वाढवली, जानेफळ सोडून. ड्रायव्हरनं निमूटपणे बाकीचा जिल्हा आणून दिला. संध्याकाळी ते जुने रेकॉर्ड पुसणार, मग हे जगात कोणालाच माहीत राहणार नाही. सहदेवला नाही, गफ्फारभाईंना नाही. मी गप्प बसले तर काही म्हणजे काही होणार नाही. उद्या दुपारी रुबिना नेहमीसारखी डबा घेऊन वर येईल, आम्ही जेवू, पुण्याच्या लोकांना दोन शिव्या देऊ. हे मी नीट डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं.

पण गुलनाज सकाळीच येऊन गेली होती. रुबिनाची धाकटी बहीण, यंदा बीएस्सी झाली, लॅबचाच कोर्स केला. त्याच हॉस्पिटलात जागा निघाल्या आहेत, शनिवार शेवटची तारीख. "समताताई, तू सांग ना आपाले," ती जिन्यात उभी राहून म्हणत होती. "ते म्हणते काही फायदा नाही, आपलं नाव पाहून काढून टाकतात, मी भोगलं, तू नको भोगू. अब्बाले पण तेच सांगून ठेवलं तिनं." तेव्हा मी कामात होते, ड्रायव्हर अडकला होता. मी तिला म्हटलं होतं, "आपा बरोबर म्हणते गुलनाज." हे आठवलं आणि मी चप्पल घातली. माय म्हणाली, "जेवून जा," मी म्हटलं, "नको."

दुकानात अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या, आमच्या प्राथमिक शाळेच्या बाई, आता रिटायर. रुबिना त्यांच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होती, बोटं दाबून, हळूहळू. गुलनाज मागं खोकी लावत होती. भिंतीला तो फळा. गफ्फारभाईंनी सेंटर बंद करून बियाण्याचं दुकान टाकलं तेव्हा फळा इथं आला, त्यावर रुबिना नवीन माल लिहिते. मी स्टुलावर बसून राहिले. बाई गेल्या. "काऊन व, तोंड काऊन असं?" रुबिनानं विचारलं. मी सांगितलं. सगळं, क्रमानं, ईमेल, सॉफ्टवेअर, चौदा जून, एकोणीस जून. माझा आवाज मला ऑफिसच्या कॉलवरच्यासारखा ऐकू येत होता, तो थांबवता येईना. शेवटी म्हटलं, "ते बोलावणं तुह्यं होतं. सहदेवचं नव्हतं. माह्यामुळं गेलं." गुलनाजनं हातातलं खोकं खाली ठेवलं.

रुबिना काउंटरवरच्या बांगड्या मापाप्रमाणं लावत राहिली. मग म्हणाली, "मंजे मले बोलावलं होतं त्यायनं?"

"हो."

"माह्यं नाव वाचून?"

"हो."

"हं," ती म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहायची माझी तयारी नव्हती. राग आला असता तर मी घेतला असता, त्यासाठीच गेले होते. ती खूश झाली होती. जराशी, ओठांच्या कडेला, शाळेत निकाल लागल्यावर व्हायची तशी. "किती वाजता होतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "साडेदहा." ती म्हणाली, "मंजे आदल्या दिवशी निघा लागलं असतं. मेहकरहून." ती खरंच ती गाडी बघत होती. मग ते हसू हळूहळू गेलं आणि नऊ वर्षं एकदम तिच्या तोंडावर आली. तिनं मागं न पाहता म्हटलं, "गुलनाज, फॉर्म भर तुह्या. अब्बाले मी सांगीन. मेल सोताच्या नावाचा काढ."

"मी बसते तिच्याजवळ," मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे."

"नाई," रुबिना म्हणाली. "तू नको."

मी उठले. कुठं पाहावं कळेना म्हणून फळ्याकडं पाहिलं. त्यावर लिहिलेलं, लाखेच्या बांगड्या आल्या. रुबिनानं ओढणीच्या टोकानं ते पुसलं, गल्ल्याच्या खणातून खडू काढला आणि माझ्यापुढं धरला. "लिही," ती म्हणाली. "सहदेवचं लिहिलं होतं तसं." मी लिहिलं. रुबिना शेख, पुणे, साडेदहा. अक्षर खाली गेलं. माझ्यामागं ती उभी होती, आणि तिचं उभं राहणं मला परत पाठीला कळत होतं. तिनं ओळ पूर्ण वाचली.

"तारीख राह्यली," ती म्हणाली.

मी चार जुलै लिहिलं. साल तिनं विचारलं नाही. ते मी आपणहून लिहिलं.